हॉर्नची मुदत

अरमान कुवेतमध्ये बसून रोज दिघीतल्या आपल्या घराच्या अंगणात हॉर्न वाजवत असे. यात जादूटोणा काही नव्हता. अंगणात एक पांढरी, नवीकोरी गाडी उभी होती. ती त्यानेच आईवडिलांना घेऊन दिली होती, आणि गर्दीत गाडी सापडेनाशी झाली तर फोनवरून तिचा हॉर्न वाजवायची सोय तिच्यात होती. दिघीत गाडी हरवणं तसं कठीणच. अरमानचे वडील इसहाकभाई (गाडीचेही वडील तेच असल्यासारखे वागत) तिला जुम्म्याला मशिदीपर्यंत नेत आणि परत आणून पुसत बसत. पण अरमानने त्या सोयीला वेगळंच काम लावलं होतं. उन्हं कलून असरची नमाज झाली की अंगणात दोनदा हॉर्न व्हायचा. त्याचा अर्थ, "अम्मी, सलाम."

मग त्याची आई महेरुन्निसा हातातलं काम टाकून बाहेर यायची, बॉनेटवर हात ठेवून "वालेकुम सलाम, बाबा" म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची. फोन होताच की घरात. पण फोनबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं.

"फोनवर तो घाईत असतो," ती म्हणे. "हां अम्मी, ठीक अम्मी, ठेवतो अम्मी. हॉर्न वाजला की वाटतं, दारात आला."

शिवाय फोन आलेला शेजारणीला कळत नाही, हॉर्न सगळ्या मोहल्ल्याला कळतो. तेही सुख काही कमी नव्हतं.

अरमान दारात मात्र येत नव्हता. गेल्या ईदला पुढच्या ईदचा वायदा झाला, पुढच्या ईदला त्याच्या पुढच्या ईदचा. त्या शुक्रवारी त्याने फोनवर सांगितलं की यंदाही सुट्टीचं अवघड आहे. महेरुन्निसाचा पारा चढला. "मग येऊच नको," ती म्हणाली. "तिकडंच ऱ्हा. तिकडंच घर बांध." आणि तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही.

असर झाली, दिवस मावळून मगरिबची अजान झाली. महेरुन्निसा अंगणात स्टूल टाकून बसली होती. तिच्या हातातल्या चहावर साय धरली. शेवटी तो चहा तिने जास्वंदीच्या मुळाशी ओतला आणि काही न बोलता आत गेली. इसहाकभाईंना आपली बायको ओरडताना पाहायची सवय होती, गप्प बसलेली पाहायची नव्हती. ते मुकाट्याने गाडीकडे गेले.

गाडीत शिरण्याआधी त्यांनी चपला काढून दाराशी ठेवल्या. हा त्यांचा नियम होता. गाडीत चपला घालून कुणी बसायचं नाही, आणि हा नियम व्याह्यांनाही माफ नव्हता. त्यांनी चावी फिरवली तशी पुढच्या पडद्यावर अक्षरं उमटली. मोफत सेवेचं वर्ष संपलं होतं. सेवा चालू ठेवायची तर वर्गणी भरायची होती.

वाटेने जाणारा गणराज थांबला. गणराज जेट्टीवर सहा आसनी रिक्षा चालवायचा आणि दुसऱ्याच्या गाडीत डोकं घालायची संधी कधी सोडायचा नाही.

"वर्गणी?" तो म्हणाला. "आमच्या मंडळाचे पोरगे तर अजून इकडं फिरकले न्हायत."

"गाडीची वर्गणी रे. फोनवरून हॉर्न वाजवायची."

"हॉर्न तर गाडीतच हाय ना, इसहाकभाय?"

"हाय."

"तारा?"

"तारा हायत. बॅटरी हाय. सगळा सामान आपला. फक्त वाजवायची परवानगी न्हाय."

गणराजने चपला काढल्या, आत बसला आणि गार सीटचं बटण दाबलं. उन्हाळ्यात त्या सीटवर बसायला मिळावं म्हणून तो या घराशी विशेष गोडीने वागायचा. पडद्यावर पुन्हा तीच अक्षरं आली. गणराजचा चेहरा उतरला.

"च्यायला, पंखा माझ्या बुडाखाली आणि कुलूप कंपनीच्या खिशात," तो म्हणाला. "आता निसतं बसायला तरी फुकट हाय ना?"

इसहाकभाईंनी कुवेतला फोन लावला. अरमान लगेच म्हणाला, "अब्बा, त्यात काय, आत्ता भरतो." थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "अब्बा, लोचा झाला. पैसे भरताना ओटीपी माझ्या जुन्या इंडियाच्या नंबरवर जातो. तो नंबर मी रिचार्जच केला नाही, बंद पडलाय. आणि इथला नंबर ते घेत नाहीत."

"मग तुझ्या अम्मीला तरी फोन करून सांग."

"सकाळपासून लावतोय. उचलत नाही."

ती उचलणार नव्हतीच. येऊ नको म्हणून आपण सांगितलं, तो खरंच रागावला, आता आपण होऊन फोन कसा घ्यायचा, असा तिचा हिशेब होता. शुक्रवारपासून तिने फोन आवाज बंद करून पिठाच्या डब्यावर पालथा घालून ठेवला होता.

सोमवारी इसहाकभाईंनी अलिबागच्या शोरूमला फोन केला. तिथे रुचिका नावाची मुलगी होती, आणि ती फार गोड बोलायची. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडणं इसहाकभाईंना कधीच जमलं नव्हतं.

"सर, फीचर तुमच्या गाडीत आहेच. फक्त ॲक्टिव्ह नाहीये."

"बेटा, म्हंजे घरात न्हाणी हाय, पानी हाय, पन आंघोळ करायची तर गवंड्याला इचारायचं?"

"सर, मी समजू शकते."

"तू समजतेस तर चालू कर ना. पैसे मी देतो. आत्ता येऊन देतो."

"खातं तुमच्या मुलाच्या नावावर आहे सर. नंबर बदलायचा असेल तर खातेदाराला स्वतः यावं लागेल. ओळखपत्र घेऊन."

"तो कुवेतला हाय."

"हो सर. तिथून आले की या म्हणावं. रविवारी बंद असतं."

आता खरं सांगून टाकावं म्हणून इसहाकभाई स्वयंपाकघरात गेले. महेरुन्निसा बांगडे साफ करत होती.

"अगो, अरमान रागावला न्हाय. कंपनीनं हॉर्न बंद केलाय. वर्गणी भरली न्हाय म्हणून."

तिने मान वर केली. "हॉर्न कंपनीच्या बापाचा हाय?"

"न्हाय, आपलाच हाय."

"गाडीचे पैसे फिटले ना?"

"फिटले."

"मग आपल्या अंगणातला आपला हॉर्न कंपनी कशी बंद करेल? अवो, तीस वर्सं सौदीत ऱ्हाऊन तुम्हाला धड खोटं पन बोलता येत न्हाय. पोराला पाठीशी घालताय. तुमच्या फोनवर पन मी बोलनार न्हाय." आणि तिने बांगड्याचं पोट असं काही फाडलं की इसहाकभाई दोन पावलं मागे सरले.

खरं बोलून पाहिलं होतं, ते काही खपलं नाही. त्या दिवशीही हॉर्न वाजला नाही आणि ती जेवायला बसली नाही. "मीच बोलले त्याला," एवढंच म्हणाली. "माझ्याच तोंडानं गेला." एवढी मोठी बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली पाहून इसहाकभाईंनीही आपलं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी असर होताच ते "जेट्टीवर जाऊन येतो" म्हणून पुढच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घालून परसातून अंगणात आले, नियमाप्रमाणे चपला काढून गाडीत शिरले आणि दार हळू ओढून घेतलं. ऊन लागू नये म्हणून काचांना त्यांनीच जाळीचे पडदे लावले होते. पुढच्या दोन सीटवर आडवं होत त्यांनी हात वर केला आणि हॉर्न दोनदा दाबला.

आत भांडं पडल्याचा आवाज आला. महेरुन्निसा धावतच बाहेर आली. "वालेकुम सलाम, बाबा!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा भरून आला की सीटवर आडव्या पडलेल्या इसहाकभाईंनाही रडू येईल असं वाटलं. आता ती चहा टाकायला आत जाईल, मग आपण निघू, असा त्यांचा बेत होता. पण ती गेली नाही. तिने स्टूल ओढलं आणि गाडीजवळच ठाण मांडलं.

"रागावू नको रे," ती गाडीला म्हणाली. "आई बोलते, तेवढ्यापुरतं बोलते."

गाडी गप्प राहिली. बंद काचांच्या आत वैशाखातली संध्याकाळ तापली होती. इसहाकभाईंच्या कपाळावरचा घाम कानात उतरत होता. गार सीटचा पंखा त्यांच्या पाठीखालीच होता, आणि त्याचीही वर्गणी संपली होती.

महेरुन्निसा बोलता बोलता थांबली. गाडीच्या दाराशी इसहाकभाईंच्या चपला नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. तिने त्या पाहिल्या की नाही, हे त्यांना आतून दिसायचा प्रश्नच नव्हता. पुढे ती बोलली तेव्हा तिचा सूर जरा बदलला होता एवढंच.

"तुझे अब्बा बरे हायत," ती म्हणाली. "रात्री घोरतात, ते चालायचंच. पन विहिरीवरचा पंप शब-ए-बरातपासून बंद पडलाय. मी कळशीनं पानी ओढते, नि ते गाडी पुसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी इसहाकभाईंनी पंपवाल्याला हाताला धरून आणला. महेरुन्निसाने विशेष आश्चर्य दाखवलं नाही. संध्याकाळी हॉर्न झाला, स्टूल आलं.

"पंप झाला बरं का, बाबा," तिने गाडीला बातमी दिली. "आता एकच. माझ्या हातची सांदणं खाऊन तुझ्या अब्बांनी जन्मात कधी बरी झाली म्हनलं न्हाय. शेजारच्या घरून आली की मात्र वाटी चाटून खातात."

त्या रात्री सांदणं झाली. इसहाकभाईंनी पहिल्या घासालाच "वा! काय झालीत!" केलं. "अजून तोंडात तर घाला," महेरुन्निसा म्हणाली.

असा रोजचाच खाक्या झाला. इसहाकभाईंच्या जेट्टीवरच्या गप्पा बंद झाल्या. गणराज विचारायचा, "इसहाकभाय, असर झाली की तुम्ही कुठं गायब होता?" ते म्हणायचे, "गाडी बघायला." ते खरंच होतं. रोज ते घामाने निथळत सीटवर आडवे पडत आणि आपल्या वागण्याचा पाढा ऐकत. गॅसच्या शेगडीची चकती, चष्म्याची काडी, नव्या चादरी, एकेक गोष्ट घरात येऊ लागली. "मुरूडला बहिणीकडं नेतो, नेतो म्हनतात," असं एकदा कानावर आलं तेव्हा दुसऱ्याच सकाळी त्यांनी गाडी फेरीबोटीत चढवून आगरदांड्याला उतरवली. महेरुन्निसा बोटीच्या कठड्याला टेकून सगळा खाडीचा रस्ता हसत होती. कशाला हसतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "गाडी चालते म्हंजे. मला वाटलं, निसती पुसायलाच हाय."

मग एक दिवस ती स्टुलावर बसली आणि तक्रारीऐवजी बॉनेटवर नुसता हात फिरवत राहिली.

"तुला एक सांगते," ती हळूच म्हणाली. "तुझे अब्बा तीस वर्सं तिकडं होते. तेव्हा हॉर्न न्हवता, फोन पन न्हवता. कुनी मुरूडचा मानूस सुट्टीवर आला की त्याच्याकडून निरोप कळायचा. मी असर झाली की अशीच दारात बसायची. कशाला बसते म्हणून सासू इचारायची. मला काय सांगता येनार? कुनाच्या येन्याची वेळ न्हवती ती. तरी बसायची. ते आले तेव्हा वाटलं, झालं आता, माझं बसनं संपलं. तर तू गेलास."

इसहाकभाईंनी हे यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कोण सांगणार? तीस वर्षं ते सौदीच्या रस्त्यावर ट्रेलर हाकत होते, आणि घरी आल्यावर आपणच किती सोसलं हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांना आता फार वाईट वाटलं. नाक ओढल्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर टोपी दाबून धरली.

"आणि अब्बांना म्हनावं," बाहेरून आवाज आला, "दार उघडा आता. रोज रोज आत भाजून निघाला तर औषधपानी मलाच करावं लागंल."

दार उघडलं. इसहाकभाई बाहेर आले. सदरा अंगाला चिकटला होता, टोपी हातात होती, आणि डोळे लाल झाले होते.

"तुला कधी कळलं?"

"पैल्याच दिवशी. चपला दाराशी काढून कुवेतहून कोन हॉर्न वाजवतो?"

"मग बोलली का न्हाईस?"

"पंप बंद होता ना," महेरुन्निसा म्हणाली. पदराने तिने त्यांचं कपाळ पुसलं. "आणि मला वाटलं, मानूस एवढा भाजून घेतो म्हंजे कंपनीचं ते खरंच असंल. खोट्यासाठी एवढं कोन करतो?"

तेव्हा इसहाकभाईंनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. वर्गणी, बंद पडलेला नंबर, रुचिका, सगळं. आपला पोरगा रागावला नव्हता हे ऐकून तिने मोठा सुस्कारा सोडला. आणि खातेदार स्वतः आल्याशिवाय काही होणार नाही, हे ऐकल्यावर ती ताठ बसली.

"स्वतः? म्हंजे त्यानं यायचं? इथं?"

"व्हय ना. त्याचंच तर अडलंय."

"कंपनी असं बोलली?"

"बोलली. ओळखपत्र घेऊन या म्हनाली."

महेरुन्निसा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या डब्यावरून फोन उचलला. पहिल्याच घंटेला अरमानने तो घेतला. "अम्मी! अम्मी, मी रागावलो नव्हतो, खरंच..."

"ते ऱ्हाऊ दे. तुला कंपनीचा हुकूम हाय. अलिबागला हजर व्हायचंय."

"अम्मी, हॉर्नसाठी कुणी कुवेतहून येतं का?"

"आईसाठी कुनी येत न्हाय, ते मी बघितलंय. आता हॉर्नसाठी येतात का तेवढं बघायचं हाय."

आणि पुढच्या महिन्यात अरमान आला. साहेबाला त्याने काय सांगितलं कोण जाणे. गाडीच्या कागदाचं काम आहे, सही लागते, असं काहीतरी सांगितलं असणार. आईने रजा मागितली तर मिळत नाही, कंपनीने मागितली तर मिळते, ही जगाची रीत त्यालाही ठाऊक होती.

तो आला त्या संध्याकाळी महेरुन्निसाने अंगणातून स्टूल उचलून माडीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी इसहाकभाई म्हणाले, "चला, अलिबागला जाऊन येऊ." ती म्हणाली, "आज नको, आज मी कोळंबी आणलीय." त्यानंतरच्या दिवशी पाव्हणे यायचे होते. मग शुक्रवार आला. मग म्हणे रविवारी बंद असतं. सोमवारी तिचा गुडघा दुखला, आणि मंगळवारी दुपारी तोच गुडघा घेऊन ती अरमानबरोबर खाडीवर खुबे-शिंपल्या काढायला चिखलात उतरली. सुट्टी अशी सरत आली.

परतीच्या आदल्या दिवशी मात्र निघावंच लागलं. आगरदांड्याला बोटीतून उतरल्यावर महेरुन्निसाने काशीदला गाडी थांबवायला लावली, शहाळं पाजलं आणि तेही हळूहळू प्यायला लावलं. शोरूम बंद व्हायच्या थोडं आधी ते अलिबागला पोचले. दारात इसहाकभाईंनी सवयीने चपला काढल्या.

"या काका," रुचिका म्हणाली. तिने ओळखपत्र पाहिलं, अरमानची सही घेतली, मशीनवर बोटं चालवली. "झालं. आता वर्गणी किती दिवसांची करू? वर्षाची घेतलीत तर सवलत आहे."

"वर्षाची करा," अरमान म्हणाला.

"थांब," महेरुन्निसा म्हणाली. "सगळ्यात लहान कितीची हाय, बेटा?"

"महिन्याची आहे काकी. पण ती कोणी घेत नाही. महागात पडते."

"तीच दे."

"अम्मी! महिन्याभरात संपेल ती."

"संपू दे की."

रुचिकाने आजवर मुदत वाढवून मागणारी गिऱ्हाइकं पाहिली होती, कमी करून मागणारं हे पहिलंच. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "काकी, तुम्ही वर्षाचीच घ्या. आणि मी असं करते, खात्याला सरांच्या ऐवजी तुमचा नंबर जोडते. मग पुढच्या वेळी ओटीपी तुम्हालाच येईल. सरांना इथवर यायची गरजच पडणार नाही. नंबर सांगा."

महेरुन्निसाच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत फोन होता. तो तेवढ्यात वाजू लागला. मुरूडच्या बहिणीचा असणार. तिने पिशवी पोटाशी घट्ट धरली.

"माझ्याकडं फोन न्हाय," ती म्हणाली.

फोन वाजतच होता. रुचिका पिशवीकडे बघत राहिली, मग इसहाकभाईंकडे वळली. "काका, तुमचा सांगा मग."

इसहाकभाईंचा फोन त्यांच्या हातातच होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या गाडीच्या चित्राकडे टक लावून बघत होती, आणि पिशवी अजून पोटाशीच होती. इसहाकभाईंनी फोन सदऱ्याच्या खिशात सरकवला.

"आमच्या दिघीला रेंज न्हाय, बेटा," ते म्हणाले.

"पण काका, तुम्ही तर मला दिघीहूनच फोन..."

"तेव्हा होती. आता न्हाय."

"मग दर वेळी मुदत संपली की सरांनाच यावं लागेल. स्वतः. कुवेतहून."

अरमान एकदा अम्मीकडे, एकदा अनवाणी उभ्या असलेल्या अब्बांकडे बघत राहिला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, वर्षाची राहू द्या," तो म्हणाला. "सहा महिन्यांची करा. मी येतो."